दोष व्हॉल्व्हचा नव्हता

जुम्म्याच्या दुपारी जेवणं आटोपली, मागची आवराआवर झाली की आमच्या फुफीची एकच फर्माईश असते, "पोरींनो, पेटी लावा."

फुफीने ऐंशी ओलांडली आहे. तिची पेटी म्हणजे बाजाची पेटी नव्हे. पडवीलगतच्या तिच्या खोलीत स्टुलावर ठेवलेला आजोबांचा रेकॉर्ड प्लेअर म्हणजे पेटी. आजोबा जहाजावर नोकरीला होते. कोकणातल्या कितीतरी मुसलमान घरांचा संसार त्या काळी बोटीवरच्या नोकरीवर चालला. १९६१ साली ते सुट्टीवर आले तेव्हा इंग्लंडहून ही पेटी घेऊन आले. गावात तेव्हा वीज नव्हती, म्हणून ती काही वर्षं मुंबईच्या खोलीत राहिली आणि गावात तारा आल्यावर गावी आली. तिकडची वीज २४० व्होल्टची, आपली २३० ची, आणि सायकल दोन्हीकडे ५०. त्यामुळे तबकडी तिकडे ज्या वेगाने फिरायची त्याच वेगाने इथेही फिरली.

पेटीसोबत तबकड्यांचा एक पत्र्याचा ट्रंक आहे. त्यात खाँसाहेब अब्दुल करीम खाँ आहेत, ज्यांची कबर मिरजेला मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात आहे. तलत महमूद आहेत. आणि फुफीची जीव की प्राण असलेली तबकडी आहे, 'अल हिलाल' या १९५८ च्या चित्रपटातली इस्माईल आझाद यांची कव्वाली. हे सगळं आता मोबाईलवर क्षणात ऐकता येतं. आम्ही फुफीला ऐकवलंही. तिने दोन मिनिटं ऐकून फोन परत दिला आणि म्हणाली, "चांगलं आहे. पण पेटी कधी लावणार?"

कारण पेटी गेल्या पावसाळ्यापासून बिघडलेली होती. ती दुरुस्त करताना आम्ही दोघी बहिणी व्हॉल्व्हविषयी बरंच शिकलो, आणि त्याहून जास्त स्वतःविषयी. एका भल्या माणसावर आम्ही खोटा आळ घेतला. तो कसा घेतला आणि कसा खोटा ठरला, हे सांगायचं तर आधी पेटीच्या पोटात शिरावं लागेल.

तीन काचेच्या नळ्या

आपल्यापैकी अनेकांच्या घरी माळ्यावर जुना रेडिओ, रेडिओग्राम किंवा रेकॉर्ड प्लेअर पडून असेल. लावल्याबरोबर आवाज न येता अर्ध्या मिनिटाने हळूहळू येत असेल, आणि मागच्या जाळीतून नारिंगी उजेड दिसत असेल, तर तो व्हॉल्व्हचा सेट आहे असं समजावं. ट्रान्झिस्टर घरोघर येण्याआधी आवाज मोठा करण्याचं सगळं काम या काचेच्या नळ्याच करत.

नळीच्या आत हवा नसते. मधोमध हीटरची बारीक तार असते. तिच्याभोवतीची कॅथोडची नळी तापली की तिच्यातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि बाहेरच्या पत्र्याकडे, म्हणजे प्लेटकडे, धावतात. प्लेटवर दोन-अडीचशे व्होल्टचा अधिक दाब असतो, तो त्यांना ओढतो. या दोघांच्या मध्ये तारेची जाळी असते, तिला ग्रिड म्हणतात. ग्रिड म्हणजे नळाची चावी. तिच्यावर जरासा कमी-जास्त दाब दिला की इलेक्ट्रॉनचा मोठा लोंढा कमी-जास्त होतो. सुईने तबकडीवरून उचललेला नाजूक इशारा ग्रिडवर द्यायचा आणि प्लेटवर त्याचा दणदणीत आवाज घ्यायचा, एवढंच व्हॉल्व्हचं काम.

आमच्या पेटीत असे तीन व्हॉल्व्ह आहेत. ईझेड ८० हा घरातल्या उलटसुलट वाहणाऱ्या विजेला एका दिशेने वळवतो. ईसीसी ८३ हा सुईचा इशारा पहिल्यांदा मोठा करतो. ईएल ८४ हा त्याला स्पीकर हलवण्याइतकी ताकद देतो. नावांची अक्षरं उगाच नाहीत. सुरुवातीचा 'ई' म्हणजे हीटर ६.३ व्होल्टवर चालतो. 'सी' म्हणजे लहान ट्रायोड, दोन 'सी' म्हणजे एका काचेत दोन ट्रायोड. 'एल' म्हणजे ताकद देणारा, 'झेड' म्हणजे वीज वळवणारा. आठाने सुरू होणारा आकडा म्हणजे खाली नऊ पिना. अमेरिकी नावं वेगळी असतात. ईएल ८४ लाच तिकडे ६बीक्यू५ म्हणतात आणि ईसीसी ८३ ला १२एएक्स७. दुकानात यातलं कोणतंही नाव ऐकलं तर गोंधळू नये.

एक मेला, दुसरा तापला

बिघाड असा होता. पेटी लावली की पहिली दहा मिनिटं आवाज गोड. मग तो जाड व्हायचा आणि फाटायचा. कव्वालीतल्या टाळ्या कोणी पत्रा बडवल्यासारख्या ऐकू यायच्या. मागून डोकावलं तर ईएल ८४ ची काळपट प्लेट एका अंगाला लाल झालेली. हीटरचा नारिंगी उजेड आत मध्यभागी असतो, तो हवाच. पण बाहेरची प्लेट लाल होणं हे चांगलं लक्षण नाही.

आम्ही म्हटलं, साठ वर्षांचा व्हॉल्व्ह, म्हातारा झाला. मुंबईच्या एका जुन्या दुकानातून नवा ईएल ८४ मागवला. चौदाशे रुपये पडले. बसवला, आवाज खणखणीत आला, फुफीने दुआ दिल्या. तीन आठवड्यांनी पुन्हा तेच. प्लेट लाल, आवाज फाटका, आणि मग आवाज इतका बारीक की जवळ कान नेल्याशिवाय ऐकू येईना.

आम्ही दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, "आपा, व्हॉल्व्ह चांगला होता. सेटचं व्होल्टेज एकदा बघून घ्या." आम्हाला ती टाळाटाळ वाटली. आम्ही तापून बोललो. जुना माल पुसून नवा म्हणून विकता, घरी म्हातारं माणूस वाट बघतंय, असं बरंच काही. तो एवढंच म्हणाला, "ठीक आहे, दुसरा पाठवतो. पैसे नकोत." चार दिवसांत दुसरा व्हॉल्व्ह आला.

खरं तर इथेच आम्ही थांबायला हवं होतं. पण मनात बदगुमानी एकदा शिरली की चांगली गोष्टही पुरावा होऊन बसते. आम्ही म्हटलं, बघा, फुकट पाठवला म्हणजे चूक कबूल केली! मुंबईतल्या आमच्या मामेभावालाही हे सांगितलं. तो त्याच बाजारात कामाला. तो दुकानात गेला आणि दोन-तीन गिऱ्हाइकांसमोर त्या माणसाला म्हणाला, "तुमचे व्हॉल्व्ह तीन आठवडे टिकतात म्हणे."

दुसरा व्हॉल्व्ह बसवला. वीस मिनिटांत त्याचीही प्लेट लाल होऊ लागली. यावेळी मात्र आम्ही घाबरून लगेच स्विच बंद केला. एकाच दुकानाचा एक व्हॉल्व्ह खराब निघेल. पण आजोबांचा मूळचा, दुकानाचा पहिला आणि दुकानाचा दुसरा, तिन्ही एकाच रोगाने कसे आजारी पडतील? हा प्रश्न आम्हाला पहिल्याच दिवशी पडायला हवा होता. आमच्यातली मोठी शाळेत विज्ञान शिकवते, हे सांगताना आता लाज वाटते.

काकांचा मीटर

तालुक्याच्या बाजारात रेडिओ दुरुस्त करणारे एक काका आहेत. आता ते मिक्सर आणि इस्त्र्या दुरुस्त करतात, पण हाताखाली व्हॉल्व्हचे सेट गेलेले. पेटी रिक्षातून त्यांच्याकडे नेली. व्हॉल्व्ह खराब निघाल्याची सगळी कहाणी आम्ही सांगितली. काकांनी ऐकून घेतली आणि पहिला मेलेला व्हॉल्व्ह मागितला. उजेडाकडे धरून त्याचा माथा पाहिला.

"हे चंदेरी दिसतं ना, हा गेटरचा थर. आत हवा शिरली असती तर हा दुधासारखा पांढरा झाला असता. काच शाबूत आहे, थर शाबूत आहे. हा व्हॉल्व्ह चांगला बनला होता, बाय. याला कोणीतरी भाजून मारलाय."

मग त्यांनी पेटी उलटी केली, पण वीज लगेच दिली नाही. आधी सगळ्या वायरी पाहिल्या. मग सिरीज बल्ब लावला. हा जुन्या मेकॅनिकांचा साधा उपाय आहे. सेटच्या एका तारेत १०० वॅटचा तारेचा बल्ब जोडायचा. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि सेट वाचतो. बल्ब आधी उजळून मग मंद झाला तर पुढे जायला हरकत नाही. एलईडी बल्ब इथे चालत नाही, जुना पिवळा बल्बच लागतो. काकांनी तसे चार बल्ब जपून ठेवले आहेत.

बल्ब मंद झाला. तो काढून त्यांनी पेटी सरळ विजेवर घेतली आणि डिजिटल मीटर हातात घेतला. व्हॉल्व्हच्या पिना खालून पाहिल्या तर मोकळ्या फटीपासून घड्याळाच्या दिशेने एक ते नऊ मोजतात. ईएल ८४ ची ३ नंबरची पिन म्हणजे कॅथोड. तिथून जमिनीला, म्हणजे चासीला, १५० ओहमचा रेझिस्टर होता. काकांनी त्याच्यावरचं व्होल्टेज मोजलं. १२ व्होल्ट.

"कर गणित, बाई," ते मोठीला म्हणाले.

१२ भागिले १५०, म्हणजे ८० मिलिअँपियर. या व्हॉल्व्हला इथे साधारण ७ व्होल्ट, म्हणजे ४५ ते ५० मिलिअँपियर पुरे असतात. ईएल ८४ ची प्लेट १२ वॅट उष्णता सोसते. आमची १५ च्या पुढे गेली होती. म्हणून ती लाल होत होती. एवढंच नव्हे, ईझेड ८० ची मर्यादा ९० मिलिअँपियरची, तोही काठावर उभा होता.

पण प्रवाह वाढला का? काकांनी मीटरची सुई २ नंबरच्या पिनेवर, ग्रिडवर ठेवली. तिथे शून्य हवं. पेटी नुकतीच तापत होती तेव्हा १ व्होल्ट दिसला. मग ३. मग ५. दहा मिनिटांत अधिक ८ व्होल्ट. आम्ही वर म्हटलं ना, ग्रिड म्हणजे नळाची चावी. कोणीतरी ती चावी हळूहळू उघडत होतं.

आता प्रश्न राहिला तो एकच. हा अधिकचा दाब व्हॉल्व्ह स्वतः तयार करतोय की बाहेरून येतोय? दोन्ही शक्य असतं. व्हॉल्व्हमध्ये थोडा वायू राहिला असेल किंवा ग्रिडच तापून इलेक्ट्रॉन सोडू लागली असेल, तर व्हॉल्व्ह गुन्हेगार. नाहीतर व्हॉल्व्ह निर्दोष. काकांनी पेटी बंद केली, गार होऊ दिली, ईएल ८४ उपटून बाजूला ठेवला आणि पेटी पुन्हा थोडा वेळ चालू केली. आता रिकाम्या बेसवर २ नंबरच्या जागी मीटर लावला.

मीटर पुन्हा अधिक दाखवत होता. व्हॉल्व्ह जागेवर नव्हताच, तरी दाब तिथे होता.

"मेला तोच चोर, असं कुठं असतं?" काका म्हणाले आणि त्यांनी पेटी बंद केली. मग ईसीसी ८३ च्या प्लेटकडून ईएल ८४ च्या ग्रिडकडे जाणाऱ्या एका मेणाच्या कांडीवर बोट ठेवलं. बोटाच्या पेराएवढा कंडेन्सर. त्याचं काम दारावरच्या पहारेकऱ्याचं असतं. गाण्याचा हलता इशारा पुढे जाऊ द्यायचा आणि मागच्या प्लेटवरचा दीडशे व्होल्टचा स्थिर दाब अडवायचा. त्या काळी हे कंडेन्सर कागदाचे आणि वरून मेणाचे असत. साठ वर्षांत कागदाने ओल धरली, त्यात आपला कोकणचा पाऊस. गार असताना तो कसाबसा पहारा द्यायचा, तापला की झिरपायचा. म्हणून पहिली दहा मिनिटं आवाज गोड यायचा.

काकांनी ती कांडी कापून तिच्या जागी ०.०१ मायक्रोफॅरडचा, ६३० व्होल्टचा नवा प्लास्टिक फिल्मचा कंडेन्सर झाळला. किंमत दहा रुपयांच्या आत. कॅथोडच्या रेझिस्टरवरचा छोटा इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरही बदलला. दुकानदाराने फुकट पाठवलेला दुसरा व्हॉल्व्ह परत बसवला. २ नंबरच्या पिनेवर शून्य. ३ नंबरवर ७.१. तासभर पेटी चालू ठेवली, आकडा हलला नाही. प्लेट काळीच राहिली.

हात घालण्यापूर्वी

इथून पुढचं वाचून कोणाला आपली जुनी पेटी उघडावीशी वाटेल. म्हणून आधी धोक्याचं.

व्हॉल्व्हच्या सेटमध्ये अडीचशे-तीनशे व्होल्ट असतात आणि ते स्विच बंद केल्यावरही मोठ्या कंडेन्सरमध्ये साठून राहतात. प्लग काढल्यावरही लगेच हात घालू नये. काका १० किलोओहमचा, ५ वॅटचा रेझिस्टर लांब दांड्याच्या चिमट्याने कंडेन्सर आणि चासी यांच्यात काही सेकंद धरतात आणि मग मीटरने शून्य झाल्याची खात्री करतात. चालू सेटवर मोजताना त्यांचा डावा हात खिशात असतो. दोन्ही हात आत गेले तर झटका छातीतून जातो.

दुसरा धोका याहून लपलेला आहे. काही स्वस्त प्लेअरमध्ये ट्रान्सफॉर्मर नसतोच, किंवा असला तरी तो घरातल्या विजेपासून पूर्ण वेगळा केलेला नसतो. त्यांची लोखंडी चासी सरळ विजेच्या एका तारेला जोडलेली असते. प्लग उलटा लागला की अख्ख्या चासीत २३० व्होल्ट. व्हॉल्व्हचं नाव 'यू' ने सुरू होत असेल, उदाहरणार्थ यूसीएल ८२, तर सेट असाच असण्याची दाट शक्यता आहे. अशा पेटीचं बटण तुटून आतला लोखंडी दांडा उघडा पडला असेल तर ती लावूच नये. घरात लहान मुलं असतील तर तिचा प्लग काढून ठेवावा. हे काम जाणकार मेकॅनिकचंच.

लक्षण आणि संशय

मीटर न घेता, नुसत्या डोळ्यांनी आणि कानांनी बरंच कळतं. काकांकडून शिकलेलं इथे मांडतो.

व्हॉल्व्ह उजळतच नाही आणि काच गार राहते. हीटरची तार तुटली असेल, किंवा बेसमध्ये पीन नीट टेकत नसेल. व्हॉल्व्ह काढून मीटरने ४ आणि ५ नंबरच्या पिनांमधला विरोध मोजावा. आमच्या तिन्ही व्हॉल्व्हचा हीटर याच पिनांवर आहे. काही ओहम आले तर तार शाबूत, काहीच आलं नाही तर व्हॉल्व्ह खरोखर गेला. इथे मात्र दोष त्याचाच.

गेटरचा थर पांढरा झाला आहे. आत हवा शिरली. हा व्हॉल्व्ह टाकून द्यावा, त्याला इलाज नाही.

काचेवर फिकट निळी झाक दिसते. ताकदीच्या व्हॉल्व्हमध्ये काचेच्या आतल्या बाजूला अशी झाक असणं दोष नाही. पण प्लेटच्या आत, मधल्या पोकळीत जांभळा-गुलाबी उजेड भरला तर वायू झाला समजावं.

खरखर, चटचट आवाज येतो. आधी व्हॉल्यूमचं बटण शून्यावर आणावं. आवाज गेला तर बिघाड बटणाच्या आधी, म्हणजे सुईच्या किंवा वायरच्या बाजूला. राहिला तर बटणाच्या पुढे. मग पेन्सिलच्या लाकडी टोकाने व्हॉल्व्हच्या काचेला हलकेच टिचकी मारावी. ईसीसी ८३ ला टिचकी मारल्यावर स्पीकरमधून घंटेसारखा नाद आला तर त्याच्या आतले भाग सैल झालेत. पण खरखर व्हॉल्व्ह जरासा हलवल्यावरच होत असेल, तर बहुतेक वेळा व्हॉल्व्ह चांगला असतो आणि बेस मळलेला असतो. आपल्या खाऱ्या हवेत पिनांवर काळपट किंवा हिरवट थर चढतो. सेट गार असताना व्हॉल्व्ह सरळ वर ओढून काढावा, पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसाव्यात, बेसच्या भोकांत व्हॉल्व्ह दोन-तीनदा आत-बाहेर करावा. पिना बारीक तारेच्या असतात, वाकड्या करू नयेत. आणि काच पुसताना नावावरून ओलं फडकं फिरवू नये. जुन्या व्हॉल्व्हवरची अक्षरं एका हातात निघून जातात, मग तो कोणता हेच कळत नाही.

सतत मोठा गुंजारव येतो. बहुतेक लोक इथेही व्हॉल्व्ह बदलतात. पण संशय आधी वीज गाळणाऱ्या मोठ्या इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरवर घ्यावा. तो बदलताना मूळ मापाचाच घ्यावा. मोठा घातला तर जास्त चांगला, हा समज चुकीचा आहे. ईझेड ८० च्या पुढच्या पहिल्या कंडेन्सरला ५० मायक्रोफॅरडची मर्यादा आहे, तिच्या पलीकडे व्हॉल्व्हवर ताण येतो.

सगळे व्हॉल्व्ह उजळतात, हलकासा गुंजारवही आहे, पण गाणं नाही. सुईच्या टोकावर बोट हलकेच फिरवावं. स्पीकरमधून खरखर आली तर पिकअप जिवंत. नाही आली तर पिकअपवर संशय घ्यावा, व्हॉल्व्हवर नंतर. जुन्या पिकअपमध्ये रोशेल सॉल्ट नावाच्या क्षाराचा स्फटिक असे. तो दमट हवेत ओल शोषून विरघळत जातो. कोकणातल्या बंद पडलेल्या किती पेट्या नुसत्या पिकअपमुळे मुक्या झाल्या असतील! बदली घेताना सिरॅमिकचा घ्यावा, त्याला दमट हवेचं असं भय नाही.

आणि व्हॉल्व्ह खरंच बदलायचा असेल तर? ईएल ८४ आणि ईसीसी ८३ आजही नवे बनतात, कारण गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरला ते लागतात. रशिया आणि स्लोव्हाकियात त्यांचे कारखाने आहेत. आपल्याकडे पूर्वी बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे व्हॉल्व्ह मिळत, जुन्या दुकानांत कधी कधी ते अजून सापडतात. ईझेड ८० साठी जुनाच साठा शोधावा लागतो. त्याच्या जागी कोणी ईझेड ८१ देऊ केला तर पिना जुळतील, पण त्याच्या हीटरला ०.६ ऐवजी १ अँपियर लागतो. पेटीचा ट्रान्सफॉर्मर तेवढा भार घेईल का, हे आधी मेकॅनिकला विचारावं.

राहिलेलं काम

पेटी घरी आली. फुफीने तबकडी लावायला सांगितली, तेव्हा आम्ही तिला सगळं सांगितलं. कंडेन्सरचं तिला काही कळलं नसावं. पण तिने विचारलं, "म्हणजे तो दुकानवाला खरं बोलत होता?"

"हो."

"त्याला सांगितलंत?"

आम्ही फोन करणार होतो. फुफी म्हणाली, "त्याला चार माणसांत बोललात ना? मग माफीही चार माणसांत मागा. आणि दुसऱ्या व्हॉल्व्हचे पैसे द्या. कोणाचं देणं ठेवून मला कव्वाली ऐकायची नाही."

तबकडी परत पाकिटात गेली. पुढच्या आठवड्यात आम्ही मुंबईला गेलो, मामेभावाला सोबत घेतलं. लहानसं दुकान, छतापर्यंत खोकी. काउंटरवर दोन गिऱ्हाइकं होती. आम्ही तिघांनीही सलाम केला आणि त्यांच्यासमोरच सांगितलं की तुमचे दोन्ही व्हॉल्व्ह चांगले होते, दोष आमच्या पेटीत होता, आम्ही चुकीचं बोललो, माफ करा. चौदाशे रुपये पुढे ठेवले.

तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "ग्रिडचा कंडेन्सर होता ना?"

आम्ही चकित झालो. तुम्हाला माहीत होतं तर स्पष्ट का नाही सांगितलंत, असं विचारलं.

"सांगितलं होतं, आपा. व्होल्टेज बघा म्हटलं होतं. त्याहून जास्त बोललो असतो तर तुम्ही म्हणाला असतात, आपला माल वाचवायला पेटीला नावं ठेवतो. म्हटलं, दुसरा पाठवावा. तोही तापला की तुम्ही स्वतःच शोधाल."

पैसे त्याने घेतले, पण निम्मेच. उरलेले परत सरकवले आणि एक ईसीसी ८३ कागदात बांधून दिला. म्हणाला, "हा म्हातारीच्या पेटीसाठी. पुढेमागे लागेल."

आता दर जुम्म्याला पेटी लागते. लावण्यापूर्वी आम्ही मागून एकदा प्लेटकडे बघतो, ती सवयच झाली आहे. फुफी डोळे मिटून ऐकते, आणि कव्वालीतल्या टाळ्या आता टाळ्यांसारख्याच वाजतात. झाकणाच्या आतल्या बाजूला आम्ही एक कागद चिकटवला आहे. त्यावर दुरुस्तीची तारीख आहे, खाली लिहिलं आहे, पिन २ वर शून्य, पिन ३ वर ७.१. आणि त्याच्या खाली मुंबईच्या त्या दुकानाचा फोन नंबर. आमच्यानंतर ही पेटी ज्याच्या हाती जाईल, त्याला भला माणूस कुठे मिळेल हे शोधत बसावं लागू नये म्हणून.